इंधनातील गंधक आणि दमेकऱ्याची छाती

खनिज तेल जमिनीतून निघते तेच मुळी गंधक घेऊन. शुद्धीकरण कारखान्यात ते काढले नाही, तर इंधन जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू बनतो. हा वायू पाण्यात चटकन विरघळतो. नाक, घसा, श्वासनलिका आतून ओलसरच असतात. तेथे त्याचे आम्ल होते आणि चुरचुर, खोकला सुरू होतो. निरोगी माणूस खाकरून मोकळा होतो. दमेकऱ्याच्या श्वासनलिका मात्र काही मिनिटांतच आकुंचन पावतात व धाप लागते. चढावर सायकल मारताना आपण तोंडाने श्वास घेतो, नाकाची गाळणी चुकते आणि त्रास आणखी वाढतो. काही वायूचे हवेतच सल्फेटचे सूक्ष्म कण होतात; ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात.

गंधक कमी केल्याने खरोखर फरक पडतो का? हाँगकाँगमध्ये १ जुलै १९९० रोजी नियम लागू झाला : वीजकेंद्रे व वाहने यांच्या इंधनात अर्ध्या टक्क्याहून अधिक गंधक नको. हवेतील सल्फर डायऑक्साइड जवळजवळ निम्म्याने घटला. क्वाय त्सिंग या कारखान्यांच्या भागातील शाळकरी मुलांच्या श्वासनलिकांचा चिडखोरपणा कमी झालेला आढळला. पुढे २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँथनी हेडली व सहकाऱ्यांनी मृत्यूंचा हिशेब मांडला. श्वसनविकारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा वार्षिक कल ३.९ टक्क्यांनी, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा २ टक्क्यांनी खाली आला होता. हवेतील इतर प्रदूषके फारशी बदललेली नव्हती, हे विशेष. इतके स्वच्छ उत्तर वैद्यकशास्त्राला क्वचितच मिळते.

आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेलमध्ये १ टक्का गंधक चालत असे. म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग! देशभरासाठी ही मर्यादा २०१० साली ३५०, २०१७ साली ५० आणि १ एप्रिल २०२० पासून अवघी १० झाली. याचा लाभ जुन्या ट्रकच्या मागे उभ्या असलेल्यालाही होतो, कारण इंधन तेच. नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारी यंत्रणाही गंधक कमी असेल तरच टिकते.

कारखान्यांच्या भट्ट्यांत जळणाऱ्या फर्नेस ऑइलची गोष्ट मात्र वेगळी. त्यातील गंधक अजून टक्क्यांतच मोजावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थानात त्याच्या वापरावर बंदीचा आदेश दिला, तो उगीच नव्हे. घर अशा धुराड्याच्या वाऱ्याच्या दिशेला असेल आणि ठरावीक वेळी धाप वाढत असेल, तर त्या वेळा लिहून ठेवाव्यात. औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करतानाही.