करड्या शाया आणि कृष्णधवल छायाचित्र

विष्णुपुरीच्या जलाशयाचें कृष्णधवल छायाचित्र कागदावर उमटविणें हें दिसतें तितकें सोपें काम नाहीं. एकीकडे गोदावरीचें उजळ पाणी, दुसरीकडे कांठचा काळा पाषाण आणि या दोहोंच्या मध्यें करड्या रंगाच्या कितीतरी छटा. संगणकावरील साध्या चित्रांत अशा २५६ पायऱ्या असतात. त्यांतील कांहीं गळाल्या कीं पाण्यावरचें धुकें लोपतें आणि दगडांतील भेगा बुजून जातात.

सामान्य इंकजेट यंत्र निळसर, किरमिजी व पिवळी शाई मिसळून करडा रंग साधतें. एकीचें प्रमाण किंचित् वाढलें तरी चित्रावर हिरवट वा तांबूस झांक येते. शिवाय दिव्याखालीं निर्मळ वाटणारें चित्र उन्हांत निराळ्या रंगाचें भासतें. केवळ काळी शाई वापरावी, तर उजळ भागांतील विरळ ठिपके डोळ्यांस खुपतात. यावर उपाय म्हणून फिक्या काळ्या शाया निघाल्या. एप्सन कंपनीनें २००५ सालीं काळी, फिकी व अतिफिकी अशा तीन पातळ्यांचा संच बाजारांत आणला. या शायांत काजळीच्या जातीचें रंगद्रव्य असल्यामुळें त्या रंगीत शायांपेक्षां अधिक टिकतात.

तथापि शाई उत्तम असली, तरी कोणती छटा किती गडद उमटेल हें कागदावर अवलंबून असतें. येथें प्रोफाइलची गरज लागते. प्रोफाइल म्हणजे यंत्राच्या वर्तनाचा लेखी दाखला. त्याचा सर्वमान्य नमुना १९९३ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम या मंडळानें ठरविला. एखादा तराजू शेरामागें छटाकभर जास्त दाखवितो हें ठाऊक असलें, म्हणजे गिऱ्हाईक तेवढें वजा करून हिशेब बरोबर करतें. प्रोफाइलचें कामहि तेंच.

हा दाखला तयार करण्याची रीत अशी. प्रथम यंत्रांतील सर्व रंगदुरुस्ती बंद करून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापावी. ती पूर्ण वाळल्यावर मापनयंत्रानें प्रत्येक पायरीचा उजळपणा मोजावा. मोजलेले आंकडे आणि अपेक्षित आंकडे यांतील फरकावरून संगणक दुरुस्तीचें कोष्टक तयार करतो. तें कोष्टक त्याच यंत्रास, त्याच शाईस आणि त्याच कागदास लागू पडतें. खरखरीत कागदाचा दाखला चकचकीत कागदास लावूं नये. या दोन कागदांस काळी शाईहि बहुधा वेगवेगळी लागते, आणि खरखरीत कागदावर काळेपणा मुळांतच कमी चढतो.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो दुरुस्ती दोन ठिकाणीं झाल्यानें. चित्राचा प्रोग्राम आणि प्रिंटर या दोघांनींहि प्रोफाइल लाविलें, तर तें तराजूची चूक दोनदां वजा केल्यासारखें होतें. म्हणून दुरुस्तीचें काम एकाकडेच सोंपवावें. यंत्राची खास कृष्णधवल योजना वापरली, तर शायांचें मिश्रण यंत्र स्वतः ठरवितें. तेथें रंगीत छपाईचें प्रोफाइल लावूं नये, पट्टी मोजून केलेलें करडें प्रोफाइल तेवढें उपयोगी पडतें.

या खटाटोपाचें मोल जुन्या चित्रांच्या बाबतींत कळतें. १९४८ पर्यंत नांदेड हैदराबाद संस्थानांत होतें. त्या संस्थानांत निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीं काढलेल्या कांचेच्या प्रती आजहि दिल्लीस जतन केलेल्या आहेत. पुष्कळ घरांत मात्र आजोबांचें एकुलतें एक पिवळें पडलेलें चित्र असतें. त्याची प्रत काढतांना पागोट्याचे पीळ आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या काळ्यांत बुडाल्या, तर मूळ चित्र गेल्यावर त्या परत मिळणें नाहीं. म्हणून मोठी प्रत काढण्यापूर्वीं पट्टी छापून शेवटच्या दोन काळ्या पायऱ्या निरनिराळ्या दिसतात कीं नाहीं, हें दिवसाच्या उजेडांत पाहून घ्यावें.