महिन्याचा पाऊस : चांगला की वाईट? मासिक पर्जन्यमानाच्या मूल्यमापनाचे काही निकष

सारांश : महिना संपताच त्या महिन्याचा पाऊस 'चांगला' किंवा 'वाईट' झाला, असा अभिप्राय दिला जातो. हा अभिप्राय बहुधा मासिक बेरीज आणि सरासरी यांच्या तुलनेवर आधारलेला असतो. ऑगस्ट २०२३ हे प्रमुख उदाहरण घेऊन अशा तुलनेचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे आणि मूल्यमापनासाठी आवश्यक असे चार प्रश्न सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : पर्जन्यमान, दीर्घकालीन सरासरी, पावसाचा खंड, वितरण, पीक-अवस्था.

प्रस्तावना

पावसाळ्यातील प्रत्येक महिना संपला की त्याचा हिशेब मांडला जातो. वृत्तपत्रांत जिल्हावार तक्ते येतात, धरणांतील साठ्याची टक्केवारी प्रसिद्ध होते आणि 'या महिन्यात पावसाने सरासरी गाठली' किंवा 'पावसाने ओढ दिली' अशी वाक्ये सर्वांच्या तोंडी होतात. वरवर पाहता ही वाक्ये केवळ वर्णनात्मक वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या आधारे पेरणीचे, पाणीकपातीचे, पीकविम्याचे आणि दुष्काळ जाहीर करण्याचे निर्णय घेतले जातात. म्हणूनच एखाद्या महिन्याला चांगले किंवा वाईट ठरविताना आपण नेमके काय मोजतो, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

मोजमापाची प्रचलित पद्धती

भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीनुसार दररोज सकाळी ८.३० वाजता मागील २४ तासांतील पाऊस मोजला जातो व तो त्या दिवसाच्या नावे नोंदविला जातो. ज्या दिवशी २.५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला जातो, त्या दिवसास 'पावसाचा दिवस' मानतात. महिन्यातील दैनिक नोंदींची बेरीज म्हणजे मासिक पर्जन्यमान होय. या बेरजेची दीर्घकालीन सरासरीशी तुलना करून येणारा फरक टक्केवारीत मांडतात. जिल्हा व हवामान उपविभाग यांच्यासाठी उणे १९ ते अधिक १९ टक्के हा फरक 'सरासरी' या वर्गात मोडतो. उणे २० ते उणे ५९ टक्के म्हणजे 'तूट' आणि उणे ६० ते उणे ९९ टक्के म्हणजे 'मोठी तूट'. याउलट, अधिक २० ते अधिक ५९ टक्के म्हणजे 'अधिक' आणि अधिक ६० टक्के व त्यापुढे 'फार अधिक', असे हे वर्गीकरण आहे.

ही पद्धती सोपी आहे आणि देशभर एकसारखी लागू करता येते, हा तिचा मोठा गुण होय. परंतु तिच्यातून मिळणारे उत्तर 'किती पाऊस पडला' एवढ्याच प्रश्नाचे असते. 'पाऊस कसा झाला' हा प्रश्न त्याहून व्यापक आहे.

ऑगस्ट २०२३ : एक उदाहरण

ऑगस्ट महिन्यात देशात सरासरी २५४.९ मि.मी. पाऊस अपेक्षित असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तो १६२.७ मि.मी. एवढाच झाला. ही तूट सुमारे ३६ टक्के असून १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट आढळत नाही. त्याआधीच्या जुलैमध्ये आणि नंतरच्या सप्टेंबरमध्ये मात्र देशात सरासरीपेक्षा सुमारे १३ टक्के अधिक पाऊस झाला. परिणामी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा एकत्रित पाऊस सरासरीच्या ९४ टक्के भरला. जिल्ह्यासाठी वापरली जाणारी मोजपट्टी लावली, तर उणे ६ टक्क्यांचा हा फरक 'सरासरी' या वर्गातच बसतो.

हंगामाच्या बेरजेत ऑगस्टची तूट अशा रीतीने बरीचशी झाकली गेली. शेतात ती झाकली गेली नाही. मराठवाडा व विदर्भातील सोयाबीनचे पीक ऑगस्टमध्ये साधारणपणे फुलोरा व शेंगा धरण्याच्या अवस्थेत असते. या अवस्थेत पाण्याचा ताण पडला की शेंगांची संख्या आणि दाण्यांचे वजन घटते. सप्टेंबरमध्ये पडलेल्या पावसाने विहिरींना पाणी आले, रब्बीसाठी ओल मिळाली. पण गळून गेलेली फुले परत येणे शक्य नव्हते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी २४ तालुक्यांत तो गंभीर, तर १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा होता.

याच महिन्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मोसमी पावसात खंड पडतो, तेव्हा उत्तर भारतावरील कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकतो. त्यामुळे मध्य भारत व दख्खन कोरडे राहतात आणि पायथ्यालगतच्या प्रदेशात पाऊस वाढतो. ऑगस्ट २०२३ च्या मध्यास हिमाचल प्रदेशात अतिवृष्टी होऊन दरडी कोसळल्या व मोठी जीवितहानी झाली. देशाच्या नोंदीतील सर्वांत कोरडा ऑगस्ट तेथील रहिवाशांना कोरडा म्हणून आठवणार नाही.

या उदाहरणावरून कोणत्याही महिन्याच्या मूल्यमापनापूर्वी चार प्रश्न विचारणे आवश्यक आहे, असे दिसते.

१. तुलना कशाशी?

सरासरी ही स्थिर संख्या नसते. १९६१ ते २०१० या काळावर आधारित देशाची मोसमी सरासरी ८८०.६ मि.मी. होती. २०२२ मध्ये १९७१ ते २०२० हा काळ आधारभूत मानण्यात आला आणि ती ८६८.६ मि.मी. झाली. एखाद्या वर्षी ८७५ मि.मी. पाऊस झाल्यास तो जुन्या मापाने किंचित कमी, तर नव्या मापाने किंचित जास्त ठरेल.

याशिवाय, कमी पावसाच्या महिन्यांत सरासरी ही संख्याच फसवी ठरते. समजा, एखाद्या गावी मार्च महिन्यात दहांपैकी नऊ वर्षे प्रत्येकी २ मि.मी. आणि एका वर्षी वादळी पावसामुळे ६२ मि.मी. पाऊस झाला. तेथील सरासरी ८ मि.मी. येईल आणि दहांपैकी नऊ वर्षे ७५ टक्के तुटीची, म्हणजे 'मोठ्या तुटीची' ठरतील. जे जवळजवळ दरवर्षी घडते, त्यालाच अपवादात्मक म्हणण्याची पाळी येते. अशा ठिकाणी मध्यक अथवा शततमक यांचा आधार घेणे अधिक उचित होय. १९९३ मध्ये मॅकी, डोस्केन व क्लाइस्ट यांनी मांडलेला 'प्रमाणित पर्जन्य निर्देशांक' याच अडचणीतून मार्ग काढतो. त्या ठिकाणच्या त्या महिन्याच्या पावसात मुळात किती चढउतार होतो, हे लक्षात घेऊन तो तुटीची तीव्रता ठरवितो.

२. पाऊस कसा विभागला गेला?

दोन गावांची ऑगस्टची सरासरी १८० मि.मी. आहे आणि दोन्ही गावी १८० मि.मी. पाऊस झाला, अशी कल्पना करू. पहिल्या गावी तो चौदा दिवसांत विखरून पडला. दुसऱ्या गावी पहिल्या तीन दिवसांतच पडून गेला आणि पुढचे चार आठवडे आकाश निरभ्र राहिले. तक्त्यात दोन्ही गावांपुढे शून्य टक्के फरक दिसेल. पहिल्या गावी पिके तरारतील. दुसऱ्या गावी आधी शेतातील माती वाहून जाईल आणि नंतर पिके माना टाकतील.

म्हणून बेरजेसोबत पावसाच्या दिवसांची संख्या आणि सर्वांत मोठा खंड या दोन नोंदी असणे अपरिहार्य आहे. २०२३ च्या खरिपात पीकविम्याच्या अग्रिम भरपाईसाठी सलग २१ दिवसांचा खंड हा निकष चर्चेत आला, तो याच कारणाने. येथे महिन्याच्या चौकटीचीही अडचण होते. २० जुलै ते ९ ऑगस्ट असा २१ दिवसांचा खंड पडला, तर जुलैच्या वाट्याला त्याचे १२ दिवस येतात आणि ऑगस्टच्या वाट्याला ९. दोन्ही महिन्यांचे तक्ते स्वतंत्रपणे पाहणाऱ्यास हा खंड दिसतच नाही.

आपल्याकडील शेतकऱ्यांची नक्षत्रांची गणना या दृष्टीने लक्षणीय आहे. सूर्य एका नक्षत्रात साधारण १३ ते १४ दिवस असतो. त्यामुळे मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असा पावसाचा हिशेब पंधरवड्याहूनही लहान काळाचा होतो. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणण्याचा प्रघात आजही आढळतो. नक्षत्रावरून पावसाचे भाकीत करणे शास्त्राला मान्य होणार नाही. तथापि, पिकाच्या वाढीशी जुळणारे कालमापन म्हणून त्या गणनेचे मोल नाकारता येत नाही.

३. कोणत्या ठिकाणचा पाऊस?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेल्या अतिवृष्टीची नोंद सांताक्रूझ येथे ९४४.२ मि.मी. झाली, तर कुलाबा येथे त्याच २४ तासांत अवघी ७३.४ मि.मी. एकाच महानगरातील दोन केंद्रांत एवढे अंतर पडू शकते, तेथे संपूर्ण जिल्ह्याची एकच संख्या कितपत बोलकी ठरेल? पश्चिम महाराष्ट्रातील जिल्ह्यांत तर एका टोकाला सह्याद्रीचा माथा आणि दुसऱ्या टोकाला पर्जन्यछायेचा प्रदेश येतो. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर व माण यांच्या पावसाची सरासरी काढली, तर ती दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणाचे वर्णन करीत नाही. महसूल मंडळ स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारणाऱ्या 'महावेध' प्रकल्पाचे महत्त्व या संदर्भात समजून घ्यावे लागते.

४. कोणासाठी चांगला?

चांगला आणि वाईट ही विशेषणे पावसाची नसून पाऊस व गरज यांच्यातील संबंधाची आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्यात अवकाळी पाऊस झाला. भूजल आणि धरणसाठ्याच्या दृष्टीने हे पाणी स्वागतार्ह होते. परंतु काढणीला आलेले सोयाबीन, ज्वारी, बाजरी आणि नाशिक परिसरातील द्राक्षबागा यांचे त्याने अतोनात नुकसान केले. जूनमध्ये ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो. पेरणीच्या दृष्टीने जूनचा पाऊस या मर्यादेपर्यंत पोहोचला की नाही आणि त्यानंतर किती दिवस उघडीप राहिली, हे मासिक सरासरीच्या टक्केवारीपेक्षा महत्त्वाचे ठरते; कारण दुबार पेरणीचा खर्च टक्केवारीने भरून निघत नाही. खोल काळ्या जमिनीतील पीक जो खंड सोसते, तो मुरमाड जमिनीतील पिकाला सोसवत नाही, हाही भेद ध्यानात ठेवावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मासिक बेरीज ही मूल्यमापनाची पहिली पायरी असून तिच्यावर अखेरचा निर्णय सोपविणे धोक्याचे आहे. 'ऑगस्टमध्ये सरासरी पाऊस झाला' या विधानाऐवजी 'अमुक मंडळात ऑगस्टमध्ये १८० मि.मी. पाऊस झाला, पावसाचे दिवस केवळ तीन, जुलैअखेरपासून मोजता सर्वांत मोठा खंड २८ दिवसांचा, सोयाबीन शेंगा धरण्याच्या अवस्थेत' असे विधान केले गेल्यास वाचणाऱ्यास काय घडले ते कळते आणि निर्णय घेणाऱ्यास त्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

या कामी महाविद्यालये मोलाचा वाटा उचलू शकतात. एक साधे पर्जन्यमापक, नियमाने दररोज सकाळी ८.३० वाजता नोंद घेणारे विद्यार्थी आणि परिसरातील पिकांच्या अवस्थेची आठवड्यास एक टिपण, एवढ्या साधनांवर भूगोल, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांना एकत्रितपणे उपक्रम राबविता येईल. सलग काही वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्यास सरासरी, मध्यक व विचलन या संकल्पना विद्यार्थ्यांना आपल्याच गावाच्या पावसातून शिकविता येतील. शिवाय, तक्त्यात 'सरासरी' ठरलेल्या महिन्यात ज्याचे पीक गेले, त्या शेतकऱ्याच्या सांगण्याला आकड्यांचा आधारही मिळेल.