नेट नेमके कुठे अडते? : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे इंटरनेट सलग चार दिवस मधूनमधून तुटत होते, आणि त्या चार दिवसांत घरातील प्रत्येकाने आपापले निदान करून ठेवले होते. मुलाच्या मते राउटर जुना झाला होता. सूनबाईंच्या मते कंपनीने गती मुद्दाम कमी केली होती. शेजारच्या काकांनी ढगांमुळे उपग्रहाशी संपर्क होत नसावा असा तर्क मांडला. आणि मी तक्रार नोंदवताना दरवेळी ‘नेट चालत नाही’ एवढेच तीन शब्द सांगत राहिलो. पाचव्या दिवशी आलेल्या लाइनमनने जिन्याखालच्या पेटीतील फायबरची तार उचलून दाखवली. पेटीच्या झाकणाखाली ती इतकी तीव्र वळली होती, की तिच्यातील केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून जाणारा प्रकाश त्या वळणावरच बाहेर निसटत होता. वळण सैल करताच घरातील पेटीवरचा लाल दिवा विझला.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. आपण ज्याला सरसकट ‘नेट’ म्हणतो ती एक अखंड वस्तू नसून अनेक टप्प्यांची वाट आहे. हातातल्या फोनपासून घरातल्या राउटरपर्यंत पहिला टप्पा. राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्रापर्यंत दुसरा. त्या केंद्रापासून शहरे आणि समुद्र ओलांडून जाणारा तिसरा. आणि ज्या दूरस्थ संगणकावर आपल्याला हवी ती माहिती ठेवलेली असते, तो चौथा. एका टप्प्याचा गुण वा दोष दुसऱ्याच्या नावावर जमा करणे, हेच या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

गैरसमज : फोनवर वाय-फायच्या सर्व काड्या भरलेल्या आहेत, तेव्हा इंटरनेट चाललेच पाहिजे.

वस्तुस्थिती : त्या काड्या केवळ पहिल्या टप्प्याची साक्ष देतात. फोन आणि राउटर यांच्यातील रेडिओलहरी किती सशक्त आहेत, एवढेच त्यांवरून कळते. राउटरच्या पुढची तार तुटलेली असली तरी काड्या पूर्ण भरलेल्या दिसतील. पुढच्या टप्प्याची साक्ष फायबरच्या पेटीवरील दिव्यांकडून घ्यावी. ‘एलओएस’ या अक्षरांखालचा दिवा लाल झाला, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही, आणि अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करूनही उपयोग होत नाही. हा दिवा लाल नसूनही सेवा अडली असेल, तर मात्र तो उपाय अवश्य करावा. कारण बंद-चालू केल्याने राउटरची गोंधळलेली स्मृती मोकळी होते आणि केंद्राशी त्याची जोडणी नव्याने होते.

गैरसमज : शंभर एमबीपीएसची योजना घेतली, म्हणजे शंभर एमबीची फाइल एका सेकंदात उतरली पाहिजे, ती उतरत नाही, म्हणजे कंपनी फसवते.

वस्तुस्थिती : येथे दोन निरनिराळ्या मापांची गल्लत झालेली असते. जोडणीची गती बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून शंभर मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच देऊ शकते, आणि ती फाइल उतरण्यास निदान आठ सेकंद लागतात. सरकारी दप्तरातही गतीची गणना बिटमध्येच होते. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास किमान २५६ किलोबिटची अट होती. २०२३ मध्ये ती २ मेगाबिट करण्यात आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारी गती ९.६ किलोबिट होती, हे ध्यानात घेतले म्हणजे आजची शंभर मेगाबिटची जोडणी तिच्या दहा हजारपटींहून अधिक वेगवान आहे हे कळून येते.

परंतु ही गती राउटरपर्यंतची झाली. तेथून पलंगापर्यंतचा हिशेब निराळा. राउटर सामान्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर लहरी सोडतो. पहिल्या पट्टीच्या लहरी भिंतीपलीकडे अधिक चांगल्या पोहोचतात, पण त्या संथ असतात, आणि शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे, एवढेच नव्हे तर स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हची भट्टीसुद्धा त्याच पट्टीत गर्दी करतात. दुसरी पट्टी वेगवान, परंतु जाड भिंतीपुढे लवकर हतबल होणारी. आमच्या जुन्या इमारतीच्या दगडी भिंतींमुळे आतल्या खोलीत जी गती निम्म्याहूनही कमी मिळे, ती राउटर दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून काढून मधल्या दाराजवळ उंच ठेवल्यावर लक्षणीय सुधारली. म्हणून कंपनीवर ठपका ठेवण्यापूर्वी संगणक तारेने थेट राउटरला जोडून गती मोजावी, आणि तो आकडा पुरावा म्हणून नोंदवून ठेवावा.

गैरसमज : अधिक गतीची योजना घेतली, की परदेशातल्या मुलांशी बोलताना आवाज मागाहून येणे थांबेल.

वस्तुस्थिती : गती म्हणजे रस्त्याची रुंदी, विलंब हा अंतरावर अवलंबून असतो. काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे संदेश जाऊन उत्तर येण्यास आदर्श परिस्थितीतही सेकंदाचा आठवा भाग लागतो, आणि प्रत्यक्षातील तारा वळसे घेत जात असल्याने त्याहून अधिक. हा विलंब कोणत्याही योजनेने मिटणारा नाही. घरातच दुसरे कोणी मोठ्या फाइली चढवत असल्यामुळे वाट तुंबत असेल, तर मात्र अधिक गतीचा लाभ होतो.

गैरसमज : परदेशातली संकेतस्थळे उपग्रहामार्फत आपल्यापर्यंत येतात.

वस्तुस्थिती : खंडाखंडांमधील माहितीची जवळजवळ सर्व वाहतूक समुद्रतळाशी अंथरलेल्या फायबरच्या तारांतून होते. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. केवळ तेथवर जाऊन खाली येण्यात पाव सेकंद जातो. पृथ्वीच्या बऱ्याच जवळून फिरणारे नव्या पिढीचे उपग्रह हा विलंब पुष्कळ कमी करतात आणि तार न पोहोचणाऱ्या दुर्गम वस्त्यांना ते वरदान आहेत. तथापि मुख्य भार तारांवरच आहे. या बाबतीत मुंबईचा वारसा जुना आहे. एडनमार्गे सुएझपर्यंत जाणारी समुद्राखालची तारायंत्राची तार १८७० मध्येच येथे पोहोचली होती, आणि आज वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा आंतरराष्ट्रीय तारा भूमीवर येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन तारा तुटल्या, तेव्हा हजारो किलोमीटर दूर भारतातील इंटरनेट मंदावले. त्या दिवशी ज्यांनी आपापल्या केबलवाल्याला बोल लावला, त्यांनी तिसऱ्या टप्प्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला होता.

गैरसमज : मी पुण्यात असताना संकेतस्थळ मला भलत्याच शहरात दाखवते, म्हणजे कोणीतरी माझे खाते बळकावले आहे.

वस्तुस्थिती : ही शंका मलाही एकदा रात्रभर छळून गेली होती. खात्यातील नोंदवहीत माझाच प्रवेश मुंबईहून झाल्याचे लिहिले होते. खुलासा असा, की संकेतस्थळाला आपले घर दिसत नाही. दिसतो तो आयपी पत्ता, आणि तो पत्ता कंपनीने ज्या शहराच्या नावे नोंदवलेला असेल, ते शहर आपले म्हणून गणले जाते. शिवाय जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. त्यामुळे कित्येक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देतात. आपण यंत्र नसून माणूस आहोत हे काही संकेतस्थळांना वारंवार पटवून द्यावे लागते, त्याचेही हे एक कारण आहे : त्या पत्त्यामागून अनेक घरांची विचारणा एकदम होत असते. तरीही नोंदीतील वेळ किंवा उपकरण आपले नसेल, तर शहराचा विचार बाजूस ठेवून पासवर्ड तत्काळ बदलावा.

गैरसमज : पत्त्याशेजारी कुलूप दिसले की संकेतस्थळ विश्वासार्ह, आणि खासगी खिडकी उघडली की आपल्याला कोणी पाहत नाही.

वस्तुस्थिती : कुलूप वाटेची हमी देते, मुक्कामाची नव्हे. आपण लिहिलेले वाटेत कोणी वाचणार नाही एवढाच त्याचा अर्थ. लबाडाच्या संकेतस्थळालाही कुलूप मिळते. म्हणून पत्त्यातील अक्षर न् अक्षर वाचावे, आणि पैशाची फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. खासगी खिडकी आपल्या उपकरणावर इतिहास मागे ठेवत नाही. परंतु आपण कोणत्या संकेतस्थळाकडे गेलो हे सेवा देणाऱ्या कंपनीला सामान्यतः कळू शकते, आणि त्या संकेतस्थळाला तर आपली भेट कळतेच.

गैरसमज : कंपनी ऐकत नसेल तर थेट ‘ट्राय’कडे फिर्याद करावी.

वस्तुस्थिती : ट्राय ही नियामक संस्था आहे, एकेका ग्राहकाच्या तक्रारीची सुनावणी ती करीत नाही. रीत अशी, की प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा, आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागावी. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडतो तो आपण ठेवलेला तपशील : तारीख, वेळ, दिव्याचा रंग, आणि तारेने मोजलेली गती.

यंदाच्या श्रावणात एका संध्याकाळी तो लाल दिवा पुन्हा लागला. या वेळी मी तक्रारीत लिहिले, की सहा वाजून दहा मिनिटांपासून एलओएसचा दिवा लाल आहे, घरातील तार कोठे वळलेली वा दुमडलेली नाही, आणि खालच्या मजल्यावरील दोन घरांतही हीच स्थिती आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन आला, तो आमच्या घराचा जिना न चढता सरळ रस्त्यावरच्या खांबाकडे गेला. आणि तुटलेले फायबर जोडण्याचे यंत्र त्याने येतानाच बरोबर आणले होते.