पिंपरीचें औषध आणि जीवाचा उगम

पिंपरी, चिंचवड, चाकण हीं नांवें उच्चारलीं कीं मोटारी, यंत्रें व कारखान्यांच्या रांगा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु या रांगा उभ्या राहण्यापूर्वींच, १९५४ मध्यें, पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें साह्य त्यास लाभलें होतें. तेथें प्रथम पेनिसिलीन व पुढें स्ट्रेप्टोमायसीन तयार होऊं लागलें. क्षयरोगावर खरोखर गुण देणारें पहिलें प्रतिजैविक तें हेंच. हें औषध जंतूच्या ज्या अवयवावर घाव घालतें, त्या अवयवाचा शोध घेतां घेतां शास्त्रज्ञ जीवाच्या उत्पत्तीच्या प्रश्नापर्यंत कसे जाऊन पोहोंचले, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

त्या अवयवाचें नांव रायबोझोम. प्रत्येक जिवंत पेशींत प्रथिनें घडविण्याचें काम तो करतो. त्याचे दोन भाग असतात व त्यांचें काम छापखान्यांतील जुळाऱ्यासारखें चालतें. लहान भाग आलेला मजकूर वाचतो. मोठा भाग त्या हुकुमाप्रमाणें अमिनो आम्लें खिळ्यांसारखीं एकापुढें एक जोडतो. स्ट्रेप्टोमायसीन लहान भागांत जाऊन बसतें. त्यामुळें वाचणाराची नजर चुकते, भलतींच अमिनो आम्लें जोडलीं जातात आणि जंतूचा कारभार बिघडतो. औषध नेमकें कोठें बसतें, याचें चित्र वेंकटरामन् रामकृष्णन् व त्यांचे सहकारी यांनीं २००० मध्यें प्रसिद्ध केलें. बसण्याची ती जागा मुख्यतः आर्. एन्. ए. या द्रव्याच्या घड्यांची आहे.

आतां जीवाच्या उगमाकडे वळूं. पेशीचा वंशलेख डी. एन्. ए. मध्यें असतो, त्याची नक्कल करण्यास प्रथिनें लागतात, आणि प्रथिनें कशीं घडवावीं हें तर त्या लेखांतच लिहिलेलें असतें. मग आरंभीं काय होतें? हा बीजांकुरन्याय अनेक वर्षें सुटेना. रासायनिक क्रिया घडवून आणूनही स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ तो उत्प्रेरक. आणि सजीवांत हें काम केवळ प्रथिनेंच करतात, असा सर्वांचा समज होता.

त्या समजास १९८२ मध्यें धक्का बसला. अमेरिकेंत टॉमस चेक यांना टेट्राहायमेना या एकपेशीय प्राण्यांत असा आर्. एन्. ए. आढळला, कीं जो प्रथिनाच्या मदतीवांचून स्वतःचाच एक तुकडा कापून उरलेलीं टोकें सांधतो. पुढच्याच वर्षीं सिडनी ऑल्टमन व सहकारी यांनीं दुसऱ्या एका आर्. एन्. ए. चें कापण्याचें सामर्थ्य दाखविलें. १९८९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें. लेखही तोच आणि कारागीरही तोच, असें द्रव्य हातीं आल्यावर, प्रथम आर्. एन्. ए. चेंच राज्य असावें, ही कल्पना बळावली. १९८६ मध्यें वॉल्टर गिल्बर्ट यांनीं तिला ‘आर्. एन्. ए. चें जग’ असें नांव दिलें.

मोठा पुरावा मात्र रायबोझोमनेंच दिला. मोठ्या भागांत अमिनो आम्लें जेथें जोडलीं जातात, तेथें जवळपास प्रथिनच नाहीं. सांधण्याचें काम आर्. एन्. ए. च करतो, असें टॉमस स्टाइट्झ व सहकारी यांच्या २००० सालच्या चित्रांवरून दिसून आलें. रामकृष्णन्, स्टाइट्झ व आदा योनाथ यांस २००९ मध्यें रायबोझोमवरील कार्याबद्दल नोबेल मिळालें. वाडा कितीही वेळां नवा बांधला, तरी जोतें जुनेंच राहावें, तसा हा प्रकार आहे.

पण पहिला आर्. एन्. ए. जुळला कसा? त्याच्या कड्या सांधतांना पाण्याचा अंश बाहेर पडतो. म्हणून भरपूर पाण्यांत त्या जुळण्याऐवजीं सुटण्याकडेच कल असतो. उन्हानें आटणारें व पुन्हां भरणारें उष्ण डबकें ही अडचण दूर करील, असें कांहीं शास्त्रज्ञ मानतात. पुण्याच्या आयसर संस्थेंत सुधा राजामणी व त्यांचे विद्यार्थी याच दिशेनें प्रयोग करीत आले आहेत. स्निग्ध द्रव्यांच्या सान्निध्यांत, आम्लयुक्त व तप्त स्थितींत, मिश्रण वारंवार सुकवून भिजविलें असतां सांखळ्या तयार होतात. परंतु २०१५ मध्यें त्यांस असें दिसलें, कीं या सांखळ्यांवरील अक्षरेंच गळून पडतात. दोरा राहतो व मणी जातात. म्हणून त्यांनीं बार्बिट्युरिक आम्लाचें अक्षर घेऊन पाहिलें. त्याची शर्करेशीं जोड अधिक पक्की ठरली. तेव्हां आर्. एन्. ए. लाही कोणी पूर्वज असेल, ही शक्यता उरतेच.

या विषयाचा संसाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आपल्या पेशींना ऊर्जा पुरविणारीं मायटोकाँड्रिया हीं प्राचीन जंतूंचीं वंशज होत, व त्यांचे रायबोझोम अद्याप जंतूंच्या वळणाचे आहेत. कांहीं कुटुंबांत त्यांच्या आर्. एन्. ए. मधील एकच अक्षर, १५५५ व्या स्थानचें, बदललेलें असतें, आणि हा बदल आईकडून मुलांत उतरतो. अशा माणसास स्ट्रेप्टोमायसीनच्या कुळांतील औषध नेहमींच्या मात्रेनेंही कायमचें बहिरें करूं शकतें. म्हणून आईकडील कोणास असल्या इंजेक्शनांनंतर ऐकूं येईनासें झालें असेल, तर तें डॉक्टरांच्या कानावर आधींच घालावें.