काल ऑपरेशन, आज खुर्चीत

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन काल झालेल्या काकांना फिजिओथेरपिस्ट उठवते आहे. आधी कुशीवर, मग कोपरावर भार देऊन पाय खाटेवरून खाली. म्हणजे टाक्यांवर ताण कमी येतो. पाय खाली सोडले की ती थांबते, चक्कर येते का विचारते. सिस्टर सलाईनचा स्टँड आणि लघवीची पिशवी सांभाळते. "खोकला आला तर उशी पोटाशी धरा, काका." मग खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत सावकाश चालणं. दाराशी उभ्या काकूंना ते बघवत नाही. "अहो, पडू द्या ना त्यांना जरा!"

काकूंची माया खरी आहे. पण पडून राहिलं की पिंढऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, फुफ्फुसांचा तळ नीट फुगत नाही, न्यूमोनियाला वाट मिळते. अंगातलं बळ तर भराभर ओसरतं.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं, की ऑपरेशननंतर लवकर सावरायला एकच उपाय पुरत नाही, लहान लहान उपाय एकत्र करावे लागतात. आतड्याच्या ऑपरेशननंतर आठवड्याहून लांबणारा मुक्काम त्यांनी दोन-तीन दिवसांवर आणला.

काका आज चालू शकले त्याचं श्रेय मी भूलतज्ज्ञांना आधी देईन. पाठीतल्या बारीक नळीतून वेदनेवरचं औषध चालू आहे, जोडीला ठरल्या वेळी पॅरासिटामॉल. त्यामुळे मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात. त्या औषधांनी आतडं सुस्तावतं. सलाईनही मोजकंच, कारण जादा पाण्यानं आतड्याला सूज येते. वेदना न शमवता माणसाला चालवणं हा निव्वळ छळ आहे.

काकांना रात्रभर कोरडंही ठेवलं नव्हतं. भुलेच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी बहुतेकांना चालतं. दुधाच्या चहाला मात्र ही सूट नाही; तो सहा तास आधी बंद.

लहान उपाय एकत्र करण्याच्या या पद्धतीला महागडं यंत्र लागत नाही, माणसं लागतात. एका सिस्टरवर वॉर्डभर पेशंट असले, की पेशंटला उठवून चालवणंच सर्वांत आधी राहून जातं.

म्हणून घरातल्या कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं, तर भरती होण्याआधीच डॉक्टरांना विचारा: पाणी कधीपर्यंत चालेल, वेदना कशी आवरणार, आणि पहिल्यांदा कधी उठवणार? मधुमेह असेल तर तेही आवर्जून सांगा.