घाईचा विस्तव

गरम पाण्याच्या टबाला गॅसचा हीटर लावावा की विजेचा, याचे उत्तर बहुतेक जण इंधनाच्या दरात शोधतात. ते शोधायला हवे टबाच्या वापरात. हॉट टब रोज कुणी भरून ओतत नाही. तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून महिनोन्महिने वापरतात. त्यामुळे हीटरला कामे दोन: गार पडलेले पाणी तापवायचे आणि तापलेले तसेच राखायचे. पहिल्या कामात गॅसचा हात कुणी धरणार नाही. दुसऱ्यात तो निव्वळ उधळ्या ठरतो.

चार-पाच माणसे बसतील अशा टबात सुमारे १५०० लिटर पाणी मावते. ते १८ अंशांवरून ३८ वर न्यायला जवळपास ३५ युनिट उष्णता लागते. अशा टबाचा विजेचा हीटर साधारण साडेपाच किलोवॅटचा. त्याला सहा तासांहून जास्त लागतात. चार लाख बीटीयूचा गॅस हीटर पाचवा-सहावा हिस्सा आच धुराड्यावाटे गमावूनही पंचवीस मिनिटांच्या आत हे काम उरकतो. लोणावळा-महाबळेश्वरकडचे कितीतरी बंगले शनिवार-रविवारीच जागे होतात. पाहुणे जेवायला बसले की बर्नर पेटवावा, पाने उचलेपर्यंत टब तयार. मधले पाच दिवस पाणी गार राहिले तर कुणाचे काय बिघडते?

गॅस हीटरची रचना आपल्या बंबाच्या उलट आहे. बंबात विस्तव मधल्या नळीत आणि पाणी भोवती. इथे पाणी तांब्याच्या नळ्यांतून धावते आणि आच बाहेरून लागते. ती धरून ठेवायला नळ्यांवर पातळ पत्र्यांच्या दाट चकत्या बसवलेल्या असतात. पाणी फार थंड आले तर ज्वलनातून निघालेली वाफ या चकत्यांवरच थेंब धरते, आणि ते आम्लधर्मी थेंब धातू खातात. म्हणून आत एक झडप तापलेले थोडे पाणी मागे वळवून येणाऱ्या गार पाण्यात मिसळते. पंप बंद असेल, तर पाण्याच्या दाबावर चालणारा स्विच बर्नर पेटूच देत नाही. एवढा बंदोबस्त करूनही तांबे वाचेलच असे नाही. टबातल्या पाण्याचा सामू ७.२ च्या खाली घसरला की ते आतून झिजू लागते. पाण्याला निळसर-हिरवी झाक आली, तर समजावे की हीटरच विरघळतो आहे.

गॅस जाळणे म्हणजे प्रदूषण, हा आक्षेप तपासून घ्यावा लागतो. वरच्या एका तापवणीला सुमारे सव्वातीन किलो एलपीजी जळतो आणि दहा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. भारतातली बरीचशी वीज कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडणारी. साध्या विजेच्या हीटरचा हिशेब त्यामुळे पंचवीस किलोच्या घरात जातो. हीट पंप मात्र दोघांनाही हरवतो, कारण तो हवेतली उष्णता ओढून एका युनिटात चार युनिटांचे काम करतो. त्याची अडचण एकच, तो सावकाश चालतो. कार्बन मोनॉक्साइडचा आक्षेप याहून गंभीर आहे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच, आणि हा हीटर त्या गिझरच्या कितीतरी पट गॅस जाळतो. तो उघड्यावर, खिडक्यांपासून लांबच हवा. जागा नसेल तर गॅसचा विचारच सोडावा.

रोज संध्याकाळी टबात उतरणाऱ्या घराला गॅसचा हा वेग फुकट जातो. तिथे दर वेळी दोन-तीन अंशांचीच भर घालायची असते. त्यासाठी एवढा बर्नर पेटतो, लोखंड-तांबे तापते आणि काम सुरू होताच तो विझतो. अशा घराने हीट पंप घ्यावा, पण त्याआधी जाड, घट्ट बसणारे झाकण घ्यावे. उघड्या टबातून एक लिटर पाणी वाफ होऊन गेले, की दोन-तृतीयांश युनिट उष्णता सोबत जाते. वाऱ्याच्या रात्री किती लिटर उडतात ते सकाळी टबाच्या काठाशी उतरलेल्या पातळीवर दिसते, आणि ती भरून काढायला पुन्हा गारच पाणी ओतावे लागते.