पडद्यावरचा कारखाना

यंत्र कसं घडतं हे पडद्यावर दाखवायला परदेशी चॅनेलांनी आपल्याला शिकवलं, असं हल्ली छातीठोकपणे लिहिलं जातं. लिहिणाऱ्यांना दादासाहेब फाळके फक्त ‘राजा हरिश्चंद्र’पुरते ठाऊक असतात. याच फाळक्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावर लघुपट काढला होता, आणि १९१७ मध्ये चित्रपट कसा तयार होतो हेही चित्रपटातूनच दाखवलं. या प्रकाराचं आपल्याकडचं एक जुनं मूळ पुणे जिल्ह्यात आहे, हे एकदा ठणकावून सांगायला हवं.

१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आली आणि मुख्य सिनेमाआधी धरणं, पोलाद, रेल्वे इंजिनं दिसू लागली. त्यातलं बरंचसं सरकारी छापाचं होतं. त्यावर जागा घालवत नाही. जमशेदपूरच्या पोलादावर हरिसाधन दासगुप्तांनी केलेला माहितीपट मात्र वेगळ्या पंक्तीतला. त्याला फ्रेंच छायालेखक क्लोद रेन्वारचा कॅमेरा लाभला होता. पुढे १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि आमच्या भागातल्या पत्र्यांवर उंच अँटेना उभे राहिले. शेतीचं भरपूर दिसलं. कारखान्याच्या वाट्याला ‘टर्निंग पॉइंट’सारख्या विज्ञान कार्यक्रमातली काही मिनिटं आली, तेवढीच.

१९९५ मध्ये डिस्कव्हरी भारतात आली, मागून नॅशनल जिओग्राफिक आलं. मोटारी, जहाजं, विमानं, खाणीतले अजस्र डंपर सगळं घरात बसून दिसू लागलं. या गर्दीत २००१ मध्ये कॅनडात सुरू झालेली ‘हाऊ इट्स मेड’ ही मालिका मी सर्वांत वर ठेवतो. बहुतेक भागांत पडद्यावर सूत्रधार नाही, आरडाओरडा नाही. वस्तू एका टोकाला आत जाते, दुसऱ्या टोकाला बाहेर पडते आणि मधलं सगळं दिसतं. ‘मेगाफॅक्टरीज’ जातीच्या मालिकांनी हे बिघडवलं. गाडी वेळेत बाहेर पडेल का, म्हणून घड्याळ दाखवायचं, ढोल वाजवायचे आणि नेमका वेल्डर वाकला की दृश्य कापायचं. या मालिकांचं कौतुक करणारे म्हणतात, प्रेक्षकाला माणसाची गोष्ट लागते. अहो, वेल्डरचा हात ही माणसाचीच गोष्ट आहे. तो हात पुरता दाखवा, मग वरून कृत्रिम ताण आणावा लागणार नाही.

हे मी इतक्या हट्टाने का म्हणतो ते कळण्यासाठी इंदापूर तालुक्यात या. नीरेच्या डाव्या कालव्याच्या या मुलखात, कळंबच्या शिवारात शेठ वालचंद हिराचंद यांनी ऊस लावला, साखर कारखाना काढला आणि गाव वसवलं. विमानाचा बंगळूरचा कारखाना, कुर्ल्याची प्रीमियर, विशाखापट्टणमची जहाजगोदी ही त्यांचीच कामं. विशाखापट्टणमला १९४८ मध्ये ‘जलउषा’ पाण्यात उतरली. वालचंदनगरात मात्र साखरेपाठोपाठ साखर काढणारी यंत्रंच घडू लागली, आणि माझ्या मते महाराष्ट्रात कॅमेऱ्यासाठी याहून मोठा विषय नाही.

उसाच्या मिलचा एक रोलर घ्या. बिडाचं जाड कवच आणि आत पोलादी शाफ्ट. कवचाचं भोक शाफ्टपेक्षा किंचित लहान ठेवतात. मग कवच तापवायचं, भोक फुलू द्यायचं आणि क्रेनने शाफ्ट आत बसवायचा. क्रेनवाल्याची नजर फिटरच्या बोटांवर असते. शाफ्ट मध्येच थांबला तर कवच निवतं, आवळतं आणि तिथेच अडकतं. नीट बसला तर ती पकड टनावारी उसाचा दाब झेलते. पुढे लेथवर खाचा कापतात. हंगामात ऊस घसरू लागला की वेल्डर चालत्या मिलशेजारी बसून, अंगावर रसाचे शिंतोडे घेत, दातांवर वितळत्या धातूचे ठिपके चढवतो. म्हणजे रोलर पुन्हा ऊस पकडतो. हे सगळं संथपणे, त्याच्या मूळ आवाजासकट दाखवलं तर अर्धा तास डोळा हलणार नाही.

याच वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटांची मोटर आवरणं घडली. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं आवरण २.८ मीटर व्यासाचं, मॅरेजिंग पोलादाचं. भाग वेगवेगळे घडवून पिनांनी जोडतात. २२ ऑक्टोबर २००८ ला चांद्रयान याच जातीच्या रॉकेटवरून गेलं. त्या दिवशी सगळे कॅमेरे श्रीहरिकोटाला होते. उड्डाण काही मिनिटांत आटोपतं. ते पोलाद घडायला, तासायला, तपासायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांकडे कॅमेरा फिरकत नाही.

बारामतीची गोष्ट हलक्या वाहनांची. एमआयडीसीत पियाजिओची आपे रिक्षा बनते आणि २०१२ पासून व्हेस्पाही. व्हेस्पाला वेगळी सांगाडा-चौकट नाही, दाबून घडवलेला पत्राच तिचा सांगाडा. हेलिकॉप्टरचे अभियंते कोराडिनो दास्कानिओ यांनी १९४६ मध्ये दिलेली ही कल्पना बारामतीच्या प्रेसखाली पत्रा वाकताना जितकी स्पष्ट कळेल, तितकी पुस्तकातून कळणार नाही.

आज काय चाललंय? मोबाइलवर अर्ध्या मिनिटात जेसीबी उलटतो, पत्रा कापला जातो, गाणं वाजतं. कंपन्यांच्या स्वतःच्या फिल्म्समध्ये ड्रोन छपरावरून फिरतो. आत ओतकामाची भट्टी चालू असते तिथे तो उतरत नाही. परदेशी मालिकांच्या हिंदी निवेदनात टर्नर आणि फिटर यांतला फरकही राहत नाही. आणि ज्यांनी हे रोलर बसवले, ती पिढी निवृत्त होऊन घरी बसली आहे. त्यांच्या हातातलं ज्ञान कोणत्याही ड्रॉइंगवर उतरलेलं नाही. त्यांच्यासमोर कॅमेरा आत्ताच लावला नाही, तर नंतर लावून उपयोग नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या मुलांना आणि मराठी वाहिन्यांना म्हणून माझी विनंती आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या गव्हाणीत मोळी पडेल, तो समारंभ सगळेच टिपतात. तुम्ही हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात या. तेव्हा मिल उघडतात, झिजलेले रोलर बाहेर काढतात आणि नवे चढवतात. परवानगी आधी काढा, ट्रायपॉड बरोबर आणा आणि शाफ्ट आत बसेपर्यंत कॅमेरा बंद करू नका.